कंबर-पायाची नस दबली आहे: आत्ता पळायचं की सकाळी बघू?

उन्हाळी (नंदनवन, नागपूर)

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, लिहायची ही दुसरी का तिसरी वेळ. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे जे झालं ते लिहायला वर्ष लागलं, कारण ह्यांची परवानगी नव्हती. परवा स्वतःच म्हणाले, लिही, फक्त नाव टाकू नको.

ह्यांचं वय ४६. नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. कूलर गॅलरीतून आतल्या खोलीच्या खिडकीशी घ्यायचा होता. टाकी भरलेली. आधी पाणी काढावं एवढी अक्कल त्या दिवशी आम्हा दोघांतही नव्हती. ह्यांनी तो वाकून ओढला, कमरेत काहीतरी कट्‌कन झालं आणि तिथेच बसले. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ. शिंक आली तर आधी भिंत धरायचे. जवळच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती सरकलेली. म्हणाले, सायटिका आहे, बहुतेकांचा औषधं आणि व्यायामाने उतरतो, सहा आठवडे धीर धरा. ह्यात चूक काहीच नव्हती, हे आधी सांगते.

तिसऱ्या आठवड्यात काटोलहून आत्याबाई आल्या. सोबत त्यांच्या ओळखीच्या एक पायाळू बाई. त्यांनी ह्यांना पालथं झोपवून कमरेला तीनदा पाय लावला. आणि दोन दिवसांनी खरोखर पायातली कळ निम्म्यावर आली! मी देवापुढे साखर ठेवली. आत्याबाईंनी काटोलला तीन फोन केले.

त्या रात्री हे गरम पाण्याची पिशवी कुल्ल्याखाली घेऊन झोपले. सकाळी चादर ओली. मला वाटलं पिशवी गळली, पण पिशवी उलटी करून दाबली तरी थेंब नाही. हे कुशीवर वळले तर कुल्ल्यावर रुपयाएवढा फोड, फुटलेला, भोवती लालभडक.
मी म्हटलं, "एवढं भाजेपर्यंत पिशवी काढली का नाही?"
म्हणाले, "कुठे भाजलं?"

माझी चुलत बहीण नर्स आहे. मलम कोणतं लावू विचारायला तिला फोन केला. तिने मलमाचं काही सांगितलंच नाही. म्हणाली, "भाऊजींना विचार, संडासला गेल्यावर धुताना हात लागलेला कळतो का?" मी विचारलं. हे गप्प. मग म्हणाले, कालपासून नीट कळत नाही, वाटलं औषधाची गुंगी असेल. लघवीलाही पाच-पाच मिनिटं नळ सोडून उभे राहत होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण हे सांगायची लाज वाटली. चादर कशाने ओली होती ते मला तेव्हा कळलं.

बहीण म्हणाली, "ताई, स्वयंपाक टाक आणि नीघ."

आधी गेलो त्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने 'कंबर दुखते' एवढंच लिहून घेतलं आणि मोठे डॉक्टर चार वाजता येतील म्हणून बसवलं. दीड तास गेला. बहिणीचा पुन्हा फोन आल्यावर तिथून उठलो आणि दुसरीकडे थेट कॅज्युअल्टीत. तिथे नळी घातली तर ९०० मिली लघवी निघाली. एवढं साठूनही पोट फुगल्याचं ह्यांना जाणवत नव्हतं. संध्याकाळी पुन्हा एमआरआय, रात्री दहाला ऑपरेशन.

पायाची कळ दुसऱ्या दिवशीच गेली. लघवीची गोष्ट मात्र वेगळी. दोन महिने स्वतः नळी घालून काढावी लागली. आता नळी नाही, पण घड्याळ बघून जावं लागतं, कारण लागल्याची जाणीव अर्धवटच येते. हाताच्या पंजाएवढा भाग अजून बधिर आहे.

मला विचारायचं आहे ते एवढंच. कळ कमी झाली म्हणून आम्ही खूश झालो तीच रात्र वाईट होती. हे घरच्या माणसाला ओळखता यायचं कसं?

तर्रीवाला

ताई, वाचून आंगावर काटा आला. माह्या भाऊजीचं असंच, पण त्याचा पंजा पडला होता. घरात चालता चालता चप्पल निंगून जाये अन् त्याले पत्ताच नाही. आम्ही हसून राहिलो होतो त्याच्यावर, की बावा आत्ताच म्हातारा झाला. आठ दिवस हसलो. मंग डॉक्टरनं आम्हाले झापलं.

अन् पायाळूचं म्हणाल तर माही आजी पण पायाळू होती. सकाळी सकाळी लोक लायनीत राहायचे.

जुना_हाडवाला (अस्थिरोगतज्ज्ञ, आता निवृत्त)

उन्हाळीताई, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार कळवा. तिने विचारलेला प्रश्न कॅज्युअल्टीतले नवे डॉक्टरही कधी कधी संकोचाने विचारत नाहीत.

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याच्या खाली कण्याच्या पोकळीत नुसत्या नसांचा झुपका लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नाव 'कॉडा इक्विना', म्हणजे शब्दशः घोड्याची शेपटी. त्यातल्या वरच्या नसा पायात जातात. अगदी मधल्या, बारीक नसा लघवीची पिशवी, गुदद्वार, जननेंद्रियं आणि बसायची जागा सांभाळतात. चकतीचा तुकडा एका बाजूला सरकला तर एका पायाची नस दबते, तो झाला सायटिका. तोच तुकडा मोठा असून पोकळीच्या मधोमध आला तर अख्खी शेपटीच चेंगरते. हे क्वचित होतं, पण झालं की हिशेब तासांचा असतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दबलेली नस आधी ठणकते. फारच दबली की ठणकणं बंद करून मुकी होते. म्हणून दुखणं कमी झालं आणि सोबत ताकद आणि स्पर्श शाबूत आहे, तर ते बरं होणं. दुखणं कमी झालं आणि जागा बधिर झाली, तर ते बरं होणं नव्हे. किती दुखतंय ते रुग्ण न विचारताही सांगतो. काय कळेनासं झालंय ते विचारावं लागतं.

बधिर कुठे, तेही महत्त्वाचं. पोटरीच्या बाहेरून किंवा पावलावर मुंग्या हा साध्या सायटिकाचाच भाग असतो. पण स्कूटरच्या सीटला आपला जेवढा भाग टेकतो, म्हणजे जांघा, कुल्ल्यांची आतली बाजू, पुढची-मागची जागा, तिथे काही वेगळं वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

पुणेरी_शंका

अनुभव गंभीरच आहे, पण अशा धाग्यांमुळे कंबर धरलेला प्रत्येक माणूस एमआरआयच्या रांगेत उभा राहतो. माझा सायटिका अडीच महिन्यांत आपोआप गेला. घाबरवण्याला काही मर्यादा?

जुना_हाडवाला

शंका रास्त आहे. बहुतेकांचा सायटिका सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतोच, सरकलेला तुकडा शरीर हळूहळू विरघळवतं. आणि नुसत्या एमआरआयवर विसंबून काही ठरवू नये. काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. रिपोर्टमध्ये 'बल्ज' वाचून रडत आलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली.

पण तुमचं 'आपोआप गेला' हे त्या अडीच महिन्यांत लघवी नीट होत होती म्हणून. तेवढं एक रोज बघायचं, यात घाबरवणं कुठे आलं?

फिजिओताई (धरमपेठ)

माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरी दोन गोष्टी करून बघायला सांगते. भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चालायचं, मग एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलायची. टाचेवर चालताना पंजा खाली पडत असेल तर एक नस, चवड्यावर उभं राहवत नसेल तर दुसरी. दुखतंय म्हणून न जमणं वेगळं आणि जोरच न लागणं वेगळं, फरक करणाऱ्याला स्वतःला कळतो. कालपर्यंत जमत होतं आणि आज जमत नाही, तर मी व्यायाम थांबवते आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवते. तर्रीवाला, तुमच्या भाऊजींची चप्पल म्हणजे हेच.

चप्पल निसटणं जुन्या मधुमेह्यांमध्येही दिसतं, पण ते दोन्ही पायांत, महिनोन्‌महिने वाढत आलेलं असतं.

आणि बायांनो, बाळंतपणानंतर लघवी सुटते म्हणून आपण ती गोष्ट 'चालायचंच' म्हणून सोडून देतो. कंबर आणि पाय दुखत असताना त्यात नवा बदल झाला तर चालायचं नाही.

आणि बधिर जागेवर गरम पिशवी, शेकायची वीट, वाळूची पुरचुंडी, काहीही ठेवायचं नाही. ह्यांचा फोड वाचून मला माझे तीन पेशंट आठवले.

सातपुडा

थोडं वेगळं लिहितो. माझी आई सावनेरला असते. तिचीही पाठ-कंबर दुखायची, पण पायात कळ नव्हती. रात्री पडल्यावर जास्त. आम्ही वय झालं म्हणत तीन महिने काढले. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन आम्ही केलंच नाही, पण तिच्या ब्लाउजना तिने स्वतःच दोन्हीकडून टीप मारून घेतली होती. पाय जड, ताठ पडायला लागले तेव्हा आणलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. छातीत काही नाही, खोकला नाही, आणि तरी टीबी! औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाली, वर्षाच्या वर चालली. आता चालते, काठी घेऊन.

जुना_हाडवाला

सातपुडा, बरं झालं लिहिलंत. कंबरदुखीसोबत ताप, घटतं वजन, झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा म्हाताऱ्या माणसाचं साधं पडणं, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात तपासणी. त्यात पायांचा जोर जायला लागला की त्याच दिवशी.

आणखी दोन गोष्टी नसेच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतात. पाय एकाएकी गार, फिका पडला आणि भयंकर दुखतोय, तर रक्तवाहिनी बंद झाली असेल, तिथेही तासच मोजायचे. एकाच पोटरीला सूज, ऊन लागणं आणि ठणका असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, ती पोटरी चोळायची नाही. आपल्याकडे पाय दुखला की पहिलं तेलच निघतं.

अजनीकर

नमस्कार. रेल्वेतून निवृत्त, वय ६३. धागा दुपारपासून दोनदा वाचला. दीड महिन्यापासून उजवा पाय दुखतो, एमआरआय झालेला आहे. कालपासून डाव्या पायातही मुंग्या आहेत. लघवी थेंब थेंब होते, जोर करावा लागतो. बसायच्या जागेचं नक्की सांगता येत नाही, बधिर आहे असंही वाटतं आणि नाही असंही. चार दिवसांपूर्वी झोपेसाठी म्हणून नसेची एक नवी गोळी सुरू झाली, एमिट्रिप्टिलीन. मुलगा कामावरून रात्री एकला येतो. सकाळी गेलं तर चालेल का?

जुना_हाडवाला

नाही. आत्ता. मुलाला तिकडेच बोलवा.

मोठ्या सरकारी ठिकाणी जायचं तर मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स. जवळपासच्या खाजगी ठिकाणी जात असाल तर आधी फोन करून विचारा, रात्री एमआरआय होतो का आणि मणक्याचं ऑपरेशन करणारे आहेत का. दोन्हीला 'हो' नसेल तर तिथे वेळ घालवू नका. कोणी न्यायला नसेल तर १०८ लावा, स्वतः गाडी चालवू नका. जुना एमआरआय आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. निघताना जेवू नका, रात्रीच भूल द्यावी लागू शकते.

खिडकीवर 'कंबर दुखते' म्हणू नका. म्हणा, 'दोन्ही पायांत मुंग्या आहेत, लघवी होत नाही, बसायच्या जागेची जाणीव बदलली आहे.' तिथला डॉक्टर मागच्या जागेला टाचणीसारखं काही लावून बघेल, बोट घालूनही तपासेल, लाजू नका. लघवी केल्यावर किती उरते ते सोनोग्राफीने पाहतील. २०० मिलीच्या वर उरली तर संशय वाढतो.

उन्हाळी

काका, निघालात का? नुसतं 'हो' लिहा.

तर्रीवाला

काका मी हिंगण्याले राहतो, गाडी आहे. अजनीले यायले वीस मिनिटं. नंबर निरोपात टाकला आहे.

अजनीकर

शेजारचा मुलगा सोडतो आहे. निघालो. तर्रीवाला, धन्यवाद.

वाटसरू_४४

काका तिकडे आहेत तोवर एक विचारतो, आयडी नवीन काढली आहे. लघवीचं सगळं ठीक, पण आठ-दहा दिवसांपासून पत्नीजवळ... तिथली जाणीव कमी झाली आहे. कंबरदुखी दोन महिन्यांची. याचा संबंध असतो का?

जुना_हाडवाला

असतो, त्याच नसा आहेत. साखर, रक्तदाबाच्या गोळ्या, काळजी, अशी दुसरी कारणंही असतात, पण ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. नवीन आयडी काढून विचारलंत, आता आजच जाऊन हेच वाक्य डॉक्टरला सांगा. 'कंबर दुखते' एवढंच सांगून परत येऊ नका.

आपल्यापैकी बरेच जण पूर्ण बंद पडायची वाट बघतात. धार बारीक झाली, जोर करावा लागतो, लागल्याची जाणीव अंधुक झाली, अशा अर्धवट अवस्थेत ऑपरेशन झालं तर लघवीच्या पिशवीचं काम परत येण्याची आशा खूप जास्त असते. पूर्ण अडून नकळत गळायला लागल्यावर ती कमी होते. ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं असा आकडा सगळे सांगतात, पण तो सवलत म्हणून वापरू नका.

उन्हाळी

वाचून पोटात कालवलं. ह्यांची चादर म्हणजे गळायलाच लागलं होतं ना? आणि तो दीड तास? पायाळू बाईंच्या पायामुळे झालं का?

जुना_हाडवाला

हो, भरून वाहणंच होतं ते. तुमचा दीड तास किती महागात पडला हे कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, पायाचंही तसंच. तुकडा आधीच सुटत आला असेल. पण सरकलेली चकती माहीत असताना कमरेवर लाथ, झटका, 'मणका बसवणं' यांतलं काहीही मी होऊ देणार नाही. आत्याबाईंशी भांडू नका मात्र.

उन्हाळी

भांडले नाही. त्या ऑपरेशननंतर महिनाभर इथेच होत्या, रात्री घड्याळ लावून ह्यांना उठवायच्या. पायाळू बाईंनीही काटोलहून पेटीभर संत्री पाठवली. बोलणार तरी काय?

अजनीकर (मुलगा लिहितो आहे)

बाबांच्या आयडीवरून लिहितोय. रात्री साडेबाराला पोचलो. नळीतून ८०० मिली निघाली. पहाटे एमआरआय झाला. चकती आहे, जागाही थोडी अरुंद आहे, पण शेपटीच्या नसांना धक्का नाही. प्रोस्टेट वाढलेली आहे आणि ती नवी गोळी लघवी अडवू शकते, दोन्ही मिळून झालं असं डॉक्टर म्हणाले. गोळी बंद केली. नळी चार-पाच दिवस राहील. सगळ्यांचे आभार.

पुणेरी_शंका

म्हणजे शेवटी मणक्याचं काही नव्हतंच. मी म्हणत होतो तेच.

उन्हाळी

८०० मिली, पुणेरी.

जुना_हाडवाला

या संशयाने ज्यांचा तातडीचा एमआरआय काढतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या शेपटीला काही निघत नाही. हे आम्हाला माहीत असतं आणि तरी काढतो, कारण बाहेरून दोघं सारखेच दिसतात. अजनीकरांच्या मुलाला एक सांगणं, नळी काढल्यावर पहिली लघवी किती झाली आणि किती उरली ते विचारून घ्या. आणि मणक्याचा धोका कायमचा टळला असं समजू नका, चकती आहे तिथेच आहे.

पुणेरी_शंका

८०० वाचलं नव्हतं नीट. मागे घेतो. अजनीकर, काळजी घ्या.

वाटसरू_४४

जाऊन आलो. मेडिकलच्या ओपीडीत तरुण डॉक्टर होता, तीच वाक्यं मोबाईलवर लिहून नेली आणि त्याच्यासमोर धरली, तोंडाने बोलायला जमलं नाही. त्याने वाचलं, दार लोटलं आणि तपासलं. एमआरआय उद्या सकाळी नाही, आजच काढतो म्हणाला. बाहेर बाकावर बसलो आहे. पत्नी सोबत आहे, तिला इथे आल्यावरच सगळं सांगितलं.

फिजिओताई

बसून राहा. उठून घरी जाऊ नका, नंबर लागायला उशीर झाला तरी.

अजनीकर

मी स्वतः. एमआरआयच्या नळकांड्यात वीस-पंचवीस मिनिटं होतो. लोक घाबरतात म्हणे. मला तर यार्डात रात्रपाळीला झोपल्यासारखं वाटलं, रूळ बदलतानाचा खडखडाट, मग थोडी शांतता, मग पुन्हा खडखडाट. डोळा लागला होता. बाहेर काढणाऱ्या मुलाने विचारलं, काका, ठीक आहात ना? मी म्हटलं, कोणती गाडी गेली?

वाटसरू, तुमचं झालं की लिहा. मी जागाच आहे, नळीमुळे कूस बदलता येत नाही.